तांबडा भात आणि मधुमेह : एका रंगाचा इतिहास

मधुमेह म्हणजे काय, हे आज आपल्या समाजात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. आपल्या धर्मग्रामांत अशी घरे आता थोडीच उरली असतील, की जेथे जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीशेजारी गोळ्यांची पट्टी नाही. लग्नाच्या जेवणात भाताचे वाढप आले, की ताटावर आडवा हात धरणारी माणसे वर्षागणिक वाढत आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख, म्हणजे प्रौढ लोकसंख्येच्या ११.४ टक्के, असल्याचे दाखवून दिले. राज्यवार पाहता सर्वांत वरचा आकडा आपल्या शेजारच्या गोव्याचा निघाला : २६.४ टक्के.

याच काळात तांबड्या आणि काळ्या तांदळाला भलताच भाव आला आहे. एके काळी गडी-मजुरांचा म्हणून ज्या जाड्या तांबड्या तांदळाकडे पाहून नाके मुरडली जात, तो आता चकचकीत पिशवीत बसून दुकानाच्या दर्शनी फळीवर आला आहे आणि त्या पिशवीवर मधुमेहाचे नाव ठळक अक्षरांत छापलेले असते. पूर्वज तांबडा भात खात आणि म्हणून त्यांना मधुमेह होत नसे, असे सरळ सूत्र घरोघर सांगितले जाते. ऐकायला ते गोड वाटते. परंतु रोग्याच्या जिवाचा प्रश्न असतो तेथे गोड वाटणारे सूत्र तपासून घेणे हे सुज्ञपणाचे असते. तांदळाचा रंग कोठून आला, कोणत्या वाटेने गेला आणि जाताना बरोबर काय काय घेऊन गेला, हा इतिहास आम्ही येथे मांडू इच्छितो. त्यातूनच मधुमेहाच्या रोग्याने या तांदळाकडून किती अपेक्षा ठेवावी, याचे उत्तर मिळेल असे आम्हांला वाटते.

रंग असतो कोठे?

आपल्या भाषेत शेतात उभे असते तेही भात आणि ताटात वाढले जाते तेही भात. या दोहोंच्या मध्ये जे घडते, त्यात आपला सारा विषय आला आहे. भाताच्या दाण्याला बाहेरून तूस असते. तूस काढले, की आतला दाणा हाती येतो. या दाण्यावर एक पातळ साल असते. सडल्यावर तिचाच कोंडा होतो. तांबडा असो वा काळा, रंग असतो तो या सालीत. आतला गर सर्वच तांदळांचा पांढरा. म्हणून अस्सल तांबडा तांदूळदेखील गिरणीत पुरता सडला, की कोलमासारखा पांढरा दिसू लागतो. रंग म्हणजे साल शाबूत असल्याची खूण, एवढे ध्यानात ठेवले तरी पुढचे पुष्कळ उलगडते.

भाताचा रानटी पूर्वज आशियातील पाणथळ जागी आजही उगवतो. त्याचे दाणे तांबडेच असतात. पांढरा तांदूळ ही पुढची घडामोड. २००६ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी या तांबड्या रंगामागील जनुक शोधून काढले. त्या जनुकातील चौदा अक्षरांचा लहानसा तुकडा केव्हा तरी गळाला, सालीतला रंग तयार होणे थांबले आणि पांढऱ्या दाण्याचे रोप जन्माला आले. त्या काळच्या शेतकऱ्याला ते आवडले असले पाहिजे. कारण त्याने तेच बियाणे राखले, वाटले आणि दूरवर पसरविले. आज जगातील बहुतेक सर्व पांढऱ्या तांदळांत तोच तुकडा गळालेला आढळतो. तेव्हा पांढरा तांदूळ हे एकट्या गिरणीचे अपत्य नव्हे. माणसाची पांढऱ्यावरची प्रीती गिरणीपेक्षा फार जुनी आहे.

तरीही तांबडा भात टिकला, आणि जेथे त्याच्यावाचून दुसरे काही उगवत नव्हते तेथे तो विशेष टिकला. आपल्या किनाऱ्यावरील खारपाटात ‘काळा राता’ आणि ‘भुरा राता’ या जाती होत्या. खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या जाती म्हणून भातशास्त्राच्या ग्रंथांत त्यांची नावे आजही घेतली जातात. राता म्हणजे तांबडा. गोव्यातील खाजण जमिनीत कोरगुट पिकत असे. बांध घालून, मानशीच्या दारांनी भरती-ओहोटीचे पाणी राखून गावकऱ्यांनी समुद्राकडून मिळविलेल्या त्या जमिनी होत्या आणि त्यांत उभे राहण्याचे बळ या तांबड्या जातींत होते. केरळात पालक्काडचा मट्टा आणि औषधी म्हणून राखलेला नवरा, मणिपुरात काळा चाखाव, तामिळनाडूत माप्पिळ्ळै सांबा आणि काळा करुप्पु कवुनी अशी ही बिरादरी लांबवर पसरलेली आहे.

जुन्या वैद्यांचे मत

तांबड्या भाताच्या गौरवासाठी आयुर्वेदाचा दाखला नेहमी दिला जातो, आणि तो खराही आहे. चरकसंहितेत धान्यांपैकी पथ्यकर म्हणून लाल साळीला सर्वश्रेष्ठ म्हटले आहे. साठ दिवसांत येणाऱ्या षष्टिक भातालाही तेथे मान आहे. परंतु दाखला देणारे लोक त्याच ग्रंथातील दुसरे स्थळ बहुधा उघडत नाहीत. प्रमेहाची चिकित्सा सांगताना चरक रोग्याच्या ताटात मुख्य अन्न म्हणून भात ठेवीत नाही, जव ठेवतो. जवाचे नाना प्रकार तो सांगतो आणि त्यांच्या जोडीला कडधान्ये व कडू भाज्या देतो. भात द्यायचा तर तो जुन्या साळीचा. नवे धान्य, दही, गूळ आणि बैठे आयुष्य यांना त्याने रोगाच्या कारणांत गणले आहे.

या दोन स्थळांत आम्हांला विसंगती दिसत नाही. लाल साळ धान्यांत उत्तम, हे निरोगी माणसासाठी सांगितले. रोग झाल्यावर मात्र उत्तम भातही मागे सारून दुसरे धान्य पुढे आणले. चांगले अन्न आणि औषध यांतला हा भेद त्या वैद्याला ठाऊक होता. आजच्या पिशवीवरील छापील अक्षरांना तो ठाऊक नाही, ही दुःखाची गोष्ट होय.

घिरट, मुसळ आणि जुने ताट

गिरणी येण्यापूर्वी भात घरीच कांडले जात असे. घिरटात भरडून तूस काढायचे, सुपाने पाखडायचे आणि मग उखळात मुसळाने सडायचे, हे काम बायकांचे. दोघीतिघी समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीने मुसळ टाकीत. कितीही हात चालविला तरी सारी साल निघत नसे. दाण्यावर तांबड्या रेघा राहत. हातसडीचा तांदूळ म्हणतात तो हा. पुरता पांढरा करायचा तर दुप्पट वेळ सडावे लागे. तेवढी सवड आणि तेवढे मनुष्यबळ ज्या घरांत होते, त्यांच्याच ताटात शुभ्र भात पडे. पांढरा तांदूळ प्रतिष्ठेचा झाला त्याचे मूळ येथे आहे : त्याच्या शुभ्रतेत दुसऱ्या कोणाचा तरी घाम होता.

जुन्या ताटाचे वर्णन करताना आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. गरीब घरात भात हा बारमाही आणि पोटभर नव्हता. नाचणी, वरी यांची भाकरी आणि आंबील असे. वाल, चवळी, पावटे असत. सुकी मासळी असे. आगेऱ्याच्या सणाला ऑक्टोबरात नव्या भाताची कणसे वाजतगाजत चर्चमध्ये नेली जात, त्या घरी रोजच्या जेवणात मात्र शक्य तोवर जुना तांदूळ वापरला जाई. आणि हे सारे खाणारा माणूस दिवसभर चिखलात वाकून लावणी करीत असे, मिठागरात राबत असे किंवा टोपली डोक्यावर घेऊन कोसभर चालत असे. पूर्वजांना मधुमेह नव्हता याचे श्रेय तांदळाच्या रंगाला देताना त्या चिखलाला आणि त्या टोपलीला विसरून चालणार नाही. शिवाय त्या काळी रक्त तपासणारे कोणी नव्हते. किती माणसे कोणत्या रोगाने गेली याची नोंदही नव्हती, हे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे.

गिरणी आली, आणि काय घेऊन गेली

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रह्मदेशात वाफेवर चालणाऱ्या तांदळाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि तांदळाचा जागतिक व्यापार फोफावला. रंगूनचा सडलेला तांदूळ मुंबईच्या बंदरातही उतरू लागला. व्यापाऱ्याला पांढरा तांदूळ सोयीचा होता. कोंड्यात तेल असते. ते खवट होते, त्याला कीड लागते. कोंडा काढलेला तांदूळ महिनोन् महिने गोदामात राहतो. दूरच्या बाजारपेठेसाठी साल काढणे आवश्यक होते. खाणाऱ्याच्या प्रकृतीचा विचार त्यात नव्हता.

प्रकृतीने उत्तर दिले ते जाव्हा बेटात. बेरीबेरी नावाच्या रोगाने तेथे सैनिक आणि कैदी मरत होते. पाय लुळे पडत, सूज चढे, हृदय थांबे. क्रिस्तियान आयक्मन हा डच डॉक्टर बटाविया, म्हणजे आजच्या जाकार्ता, येथे या रोगाचा जंतू शोधीत होता. १८८९ च्या सुमारास त्याच्या प्रयोगशाळेतील कोंबड्या तशाच लुळ्या पडल्या आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्या झाल्या. चौकशीअंती कळले, की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातील पांढरा भात घातला जात होता; नवा आचारी आला, त्याने लष्करी तांदूळ मुलकी कोंबड्यांना देण्याचे नाकारले आणि कोंबड्या पुन्हा असडीक तांदळावर आल्या. आयक्मनच्या सूचनेवरून फोर्डरमन या अधिकाऱ्याने जाव्हा-मदुरेतील १०१ तुरुंगांची पाहणी करून १८९७ साली ती प्रसिद्ध केली. जेथे असडीक तांदूळ मिळत होता अशा ३७ तुरुंगांपैकी एकातच बेरीबेरी आढळला. जेथे पांढरा तांदूळ होता अशा ५१ पैकी ३६ तुरुंगांत तो होता. ज्याला आपण कोंडा म्हणून गुरांना घालतो, त्यात माणसाला जगविणारे काही असते, हे अशा रीतीने सिद्ध झाले. पुढे त्यालाच ‘ब १’ जीवनसत्त्व हे नाव मिळाले आणि १९२९ साली आयक्मनला नोबेल पारितोषिकाचा बहुमान लाभला.

आपल्या किनाऱ्याशी निगडित असा एक धागा याच कथेत आहे. मलायात काम करणाऱ्या ब्रॅडन या डॉक्टरने १९०७ साली दाखवून दिले, की तेथील चिनी मजूर सयामचा पांढरा तांदूळ खाऊन बेरीबेरीने आजारी पडत; शेजारीच राबणारे तामिळ मजूर मात्र उकडा तांदूळ खात आणि त्यांना हा रोग होत नसे. साळ भिजवून, तुसासकट उकडून, वाळवून मग सडली, की सालीतील जीवनसत्त्वाचा काही अंश गरात उतरतो आणि दाणा घट्ट होतो. कोकण-गोव्याच्या बायकांनी अंगणातल्या हंड्यात जे पिढ्यान् पिढ्या केले, त्याचे शास्त्र असे सातासमुद्रापार उलगडले.

पांढऱ्याचा विजय

धोका कळला, तरी पांढरा तांदूळ मागे हटला नाही. १९३४ च्या डिसेंबरात गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन केला, जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते. हे ख्रिस्ती अर्थशास्त्रज्ञ वर्ध्याच्या मगनवाडीतून हातसडीच्या तांदळाचा पुरस्कार करीत राहिले. गिरणीने कोंडा जातो आणि कांडपावर जगणाऱ्या बायकांची रोजीही जाते, असे त्यांचे दुहेरी गाऱ्हाणे होते. स्वातंत्र्यानंतर १९५८ साली तांदूळ गिरण्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला. पण तोवर काळ बदलला होता. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले, ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला आणि १९४३ पासून मुंबईत शिधापत्रिका आली. रांगेत उभे राहून मिळेल तो तांदूळ घरी आणायची सवय एका पिढीला लागली. कोणता तांदूळ, हा प्रश्नच मागे पडला.

पुढे १९६६ साली फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ‘आय. आर. ८’ आणि १९६८ साली भारताने ‘जया’ ही जात दिली. या बुटक्या, भरघोस पिकणाऱ्या जातींनी दुष्काळाच्या छायेतील देशाला अन्न दिले, हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. मात्र त्यांच्या लाटेत शेकडो जुन्या जाती बांधाबाहेर गेल्या. सरकारी खरेदीच्या मापदंडाने उरलेले काम केले. तांदळाची प्रत ठरविणाऱ्या कोष्टकात तुटके दाणे, किडके दाणे यांच्या पंक्तीला ‘तांबडे दाणे’ असा एक रकाना असतो आणि त्यांचे प्रमाण शेकडा तीनपेक्षा अधिक चालत नाही. चरकाने ज्याला श्रेष्ठ म्हटले, तो दाणा अशा रीतीने सरकारदरबारी भेसळ ठरला. शेतकऱ्याने ते बियाणे का राखावे?

वसई-विरारच्या पट्ट्यात तर शेतेच उरली नाहीत. जेथे भात होता तेथे आधी वाड्या फुलल्या आणि मग इमारती उभ्या राहिल्या. भात आपल्या हातून गेला आणि दुकानातून आला. दुकानातून आला म्हणून तो बारमाही झाला, पुरता पांढरा झाला, स्वस्त झाला. ताटातील भाताचा ढीग वाढला, वालाची वाटी लहान झाली, आणि चालणे थांबले. मधुमेहाच्या आजच्या साथीची पूर्वतयारी आम्हांला येथे दिसते.

शास्त्र आज काय म्हणते?

१९८१ साली टोरांटोच्या डेव्हिड जेंकिन्स यांनी अन्नाची साखर किती वेगाने रक्तात उतरते हे मोजण्याची एक फूटपट्टी दिली. ग्लुकोजला १०० मानायचे; ५५ वा त्याखाली असेल ते अन्न सावकाश पचणारे, ७० वा त्यावर असेल ते वेगवान. चेन्नईतील संशोधकांनी आपल्या नेहमीच्या तीन तांदळांची परीक्षा करून २०१२ साली निष्कर्ष दिले : पोन्नी ७०.२, सोना मसुरी ७२ आणि आपल्या घरोघर शिजणारा सुरती कोलम ७७. तिन्ही वेगवानच.

हा वेग दीर्घकाळ काय करतो, याचीही मोजणी झाली आहे. एकवीस देशांतील १ लाख ३२ हजारांहून अधिक माणसांचा सरासरी साडेनऊ वर्षे मागोवा घेऊन २०२० साली एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. रोज ४५० ग्रॅम वा अधिक शिजलेला पांढरा भात खाणाऱ्यांत, १५० ग्रॅमहून कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत, मधुमेहाचा धोका २० टक्क्यांनी अधिक होता. दक्षिण आशियात ही वाढ ६१ टक्के भरली. त्याआधी २०१० साली हार्वर्डच्या संशोधकांना असे दिसले होते, की रोजच्या पांढऱ्या तांदळातील ५० ग्रॅमच्या जागी तेवढाच असडीक तांदूळ घेतल्यास धोका १६ टक्क्यांनी उतरावा. चेन्नईत पंधरा स्थूल व्यक्तींवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असडीक तांदळाने दिवसभराची साखरेची चढण सुमारे २० टक्क्यांनी, तर असडीक तांदूळ आणि कडधान्य यांच्या जोडीने सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाली.

येथवर ऐकून वाचक तांबड्या तांदळाची पिशवी आणायला उठेल. त्याने क्षणभर थांबावे. वरील प्रयोग साल राखण्याविषयी आहेत, रंगाविषयी नव्हेत. रंगाचे म्हणून जे द्रव्य, काळ्या तांदळातील अँथोसायनिन आणि तांबड्यातील प्रोअँथोसायनिडिन, ते पिष्टाचे साखरेत रूपांतर करणाऱ्या पाचकद्रव्यांना अडवते, असे प्रयोगशाळेच्या नळीत दिसते. परंतु नळी म्हणजे माणसाचे पोट नव्हे. २०२२ साली असडीक आणि पांढऱ्या तांदळाच्या अनेक चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणाऱ्या आकड्यात या दोहोंत ठळक फरक आढळला नाही. शिवाय, साखरेचा वेग रंगापेक्षाही गरातील पिष्टाच्या जातीवर ठरतो. अमायलोज नावाचे पिष्ट जास्त असले, की भात मोकळा होतो व सावकाश पचतो. कमी असले, की चिकट होतो व चटकन पचतो. २३५ तऱ्हांच्या तांदळांच्या एका तपासणीत हा आकडा ४८ पासून ९२ पर्यंत पसरलेला दिसला. मणिपूरचा चाखाव काळाभोर आहे, पण तो चिकट भात आहे. केवळ काळा म्हणून तो मधुमेहाला मानवेल, असे समजणे धोक्याचे.

आणि गोवा? उकड्या तांबड्या तांदळाची पेज आणि हुमणाबरोबर उकड्याचा भात आजही जेथे आवडीने खाल्ला जातो, तेथेच देशातील सर्वांत अधिक मधुमेह आढळला. एवढ्यावरून उकड्याला दोष देणे अन्यायाचे होईल. गोव्याची लोकसंख्या तुलनेने वयस्क आहे. २०११ च्या जनगणनेनुसार तिच्यातील ६२ टक्के लोक शहरी भागांत राहत होते. पाव, बिबिंका, मद्य आणि दुचाकी यांचाही हिशेब मांडला पाहिजे. बाजारातील उकडाही पुष्कळदा गिरणीत घासलेला असतो. परंतु एक गोष्ट हा आकडा निश्चित सांगतो : तांबडा भात एकटा ढाल होऊ शकत नाही. जुने ताट मोडले, श्रम गेले, आणि भात तेवढा तांबडा राहिला, तर तो रोग थोपवीत नाही.

कुटुंबांनी काय घ्यावे?

या इतिहासातून आम्हांला जे दिसते ते असे. रंग एकटा गेला नाही. कोंडा, कडधान्य, भरड धान्य, माप आणि मेहनत ही सारी त्याच्यासोबत गेली. आता बाजार आपल्याला एकटा रंग परत विकीत आहे, तोही चढ्या दराने. घ्यायचे तर सारेच परत घ्यावे लागेल.

मधुमेही माणसाने पांढऱ्या भाताच्या जागी असडीक तांबडा भात जरूर घ्यावा. परंतु जागी घ्यावा, भरीस नव्हे. आरोग्याचा म्हणून दोन वाट्यांच्या तीन झाल्या, तर साखर चढणारच. तांदूळ विकत घेताना नावापेक्षा दाणा पाहावा : साल अखंड आहे की नुसत्या फिकट रेघा उरल्या आहेत? तो रात्री भिजत घालावा, कारण साल शिजायला वेळ घेते. भात मोकळा ठेवावा. फार शिजवून पातळ केलेली पेज आजाऱ्याला हलकी वाटते खरी, पण तिची साखरही लवकर उतरते. वाटीने मोजून घ्यावा, आणि ताटात वाल, चवळी, मासळी, पालेभाजी यांना भाताहून अधिक जागा द्यावी. जेवून दोन तासांनी साखर तपासली, की आपल्या प्रकृतीला कोणता तांदूळ किती मानवतो हे कळते. त्या आकड्याइतका खरा सल्ला कोणत्याही पिशवीवर छापलेला नसतो.

सर्वांत महत्त्वाचे असे, की तांबडा भात सुरू केला म्हणून गोळी किंवा इन्शुलिन बंद करू नये. १९२२ साली टोरांटोत पहिल्यांदा रोग्याला इन्शुलिन टोचले गेले, त्यापूर्वी मधुमेह झालेल्या लहान मुलांना पथ्याच्या जोरावर थोडाच काळ जगविता येत असे. ती मुले उपाशी राहून, काटकुळी होऊन मरत. पथ्य हे औषधाचा हात धरून चालते. औषधाची जागा घेऊन ते चालू शकत नाही. डोस कमी करायचा की नाही, हे डॉक्टरने आकडे पाहून ठरवावे. मूत्रपिंडाचा विकार जडलेल्या रोग्याने तर असडीक धान्य वाढविण्यापूर्वीही डॉक्टरांना विचारावे, कारण कोंड्यात स्फुरद आणि पालाश यांचे प्रमाण अधिक असते.

उरला प्रश्न बियाण्याचा. तो केवळ मधुमेहींचा नाही. तामिळनाडूत नेल जयरामन यांनी गावोगाव फिरून १७४ जुन्या जाती गोळा केल्या आणि शेतकऱ्यांना वाटल्या. २०१८ साली ते निवर्तले, पण बियाणे शेतात राहिले. आपल्याकडे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘रत्नागिरी ७’ ही तांबड्या दाण्याची सुधारित जात दिली आहे. केरळात पट्टांबी येथे तयार झालेला ‘ज्योती’ हा तांबडा भात गोव्याच्या शेतांत रुजला आहे. म्हणजे तांबडा असूनही भरघोस पिकणारे भात मिळू शकते. ज्यांच्याकडे अजून शेताचा तुकडा शिल्लक आहे, त्यांनी निदान एका वाफ्यात ते लावावे आणि जवळच्या लहान गिरणीत तूस तेवढे काढून, न घासता आणावे. ज्यांच्याकडे शेत नाही, त्यांनी पिशवीवरील दाव्याला न भुलता, ते पिकविणाऱ्याकडून रास्त भावाने विकत घ्यावे. ज्या दाण्याला एकदा आपण हलका म्हणून टाकले, त्याला आता जादूचा म्हणून डोक्यावर घेऊ नये. तो चांगला तांदूळ आहे. मोजून वाढावा आणि जेवणानंतर थोडे चालून यावे.